मेणबत्तीचे डॉलर

देब्रे बिरहानच्या बाजारात अस्कले म्हणजे ब्लँकेटवाल्या वोंदिफ्रावची बायको. नवरा जन्मभर इथल्या ब्लँकेटच्या कारखान्यात मागावर होता. मागांच्या खडखडाटानं त्याचे कान अर्धे गेले, आणि निवृत्त होऊन घरी बसला तरी तो मागांवरून ओरडावं तसाच बोलतो. पण आठवड्यातून तीन संध्याकाळी अस्कले अंगाभोवती जाड गाबी लपेटून, मोबाइल मसुराच्या डब्याला टेकवून स्टुलावर बसली, की ती ‘येनेता’ होते.

येनेता म्हणजे चर्चच्या आवारात पोरांना अक्षरं शिकवणारे गुरुजी. ही हाक पुरुषांची. तिचे वडील येनेता होते. ते जुनिपरच्या झाडाखाली बसून पोरांकडून ‘हा, हु, ही, हा, हे, ह, हो’ घोकून घ्यायचे. अस्कले पोरांच्या मागे जवसातले खडे निवडत बसलेली असायची, आणि खडे निवडता निवडता तिनं ती सगळी बाराखडी उचलली. एकदा एका पोराचं अडलं तेव्हा मागून हिनं सांगून टाकलं. वडिलांनी वळून पाहिलं. रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, जवसाचं सूप घेऊन जरा पुढे बस.

एवढ्या शिदोरीवर तिचा आत्ताचा वर्ग उभा होता. शेजारणीची लेक सेबले अमेरिकेत मेरीलँडला नर्स आहे. तिच्या मुलीला, लुलीतला, आजीशी फोनवर बोलता येईना. आजी अम्हारिकमध्ये लाड करायची, नात इंग्रजीत उत्तर द्यायची, आणि शेवटी दोघी रडवेल्या होऊन फोन ठेवायच्या. सेबलेनं अस्कलेला गळ घातली, इंटरनेटवर वर्गाची खोली उघडून दिली, आणि एका लुलीतच्या हळूहळू चौदा लुलीत झाल्या. कोणी मिनियापोलिसचं, कोणी सिएटलचं. अस्कले पाटीवर अक्षरं काढायची, आणि वडील करायचे तशी बार्लीच्या काडीनं एकेक दाखवायची. पलीकडे चौदा तोंडं ओरडायची. वोंदिफ्राव म्हणायचा, “या गोंगाटात मला कारखान्यात असल्यासारखं वाटतं. झोप छान लागते.”

वडिलांचे नियम दोन. अक्षर विकायचं नाही. आणि त्यासाठी कुणाकडे काही मागायचं नाही. मग घर कसं चालायचं, तर आईबाप आपणहून काहीतरी आणून ठेवायचे. मिठाचा खडा, एखादी कोंबडी, सणाला बार्लीचं पोतं. आणि ठेवताना म्हणायचे, “येनेता, मेणबत्तीसाठी.” कोंबडीची मेणबत्ती कशी होणार हे कुणी विचारत नसे. ताकाला जाऊन भांडं लपवणं दोन्ही बाजूंनी चालायचं, आणि दोघांनाही ते ठाऊक असायचं.

परदेशी गेली म्हणून माणसं हे विसरत नाहीत. चौदातल्या एकाही घरानं अस्कलेला ‘फी किती’ असं विचारलं नाही. तो उद्धटपणा झाला असता. महिन्या दोन महिन्यांनी जमेल तसे डॉलर ते तिच्या बँकेत पाठवायचे आणि सोबत दोन शब्द लिहायचे, मेणबत्तीसाठी. बँक ते डॉलर आपल्याकडे ठेवून घ्यायची आणि अस्कलेच्या हातात इथलं चलन, बिर, द्यायची. तिला डॉलर कुठे खर्चायचे होते? बार्ली बिरमध्ये, तेफचं पीठ बिरमध्ये, नवऱ्याची औषधं बिरमध्ये. देवाची कृपा म्हणून ती देवमातेच्या चर्चला जाऊन खरोखरच मेणबत्ती लावून यायची.

घोडं अडलं ते त्या वर्गाच्या खोलीपाशी.

ती खोली फुकट मिळते, पण चाळीस मिनिटांची. चाळीस मिनिटं झाली की बोलता बोलता सगळे अंधारात. पहिल्या वर्षीचं भाडं सेबलेनं न सांगता भरून टाकलं होतं. वर्ष संपत आलं, आणि खोली अस्कलेच्या नावावर असल्यामुळे निरोप अस्कलेला आला. भाडं भरा, कार्डाचा नंबर घाला. रक्कम डॉलरमध्ये.

सेबलेला एक शब्द टाकला असता तर तिनं त्याच दिवशी भरलं असतं. पण शब्द टाकणं म्हणजेच मागणं. अस्कलेनं स्वतःचं कार्ड काढलं आणि चष्मा लावून नंबर घातला. चालेना. पुन्हा घातला. वोंदिफ्रावनं कार्ड हातात घेऊन उलटंपालटं केलं आणि निकाल दिला, “हे माझ्या कारखान्याच्या पासासारखं आहे. आपल्या फाटकातच चालतं. बाहेरचा रखवालदार ओळखत नाही.”

“पण डॉलर तर माझेच आहेत,” अस्कले म्हणाली. “तिथूनच आले ना?”

“आले तेव्हा डॉलर होते. आता बिर आहेत.”

“मग परत डॉलर करायचे.”

“जा, बँकेत सांग असं.” त्याला हसू आवरेना.

ती खरंच गेली. तिथे एक वेगळंच प्रकरण तिची वाट बघत होतं.

बँकेच्या खिडकीत रेदिएत नावाची मुलगी बसते. नीटनेटकी, बोलायला गोड, मोठ्या बायांना मान देऊन ‘एत्ये’ म्हणणारी. तिनं अस्कलेचं नाव ऐकलं आणि म्हणाली, एत्ये, बरं झालं आलात, मी तुम्हाला फोनच करणार होते. वेगवेगळ्या चौदा माणसांकडून तुम्हाला पैसे येतात. वरून विचारणा झाली आहे की हे कसले. उत्तर मिळेपर्यंत या महिन्याचे पैसे अडकवून ठेवले आहेत.

“लिहिलेलं असतं की,” अस्कले म्हणाली. “मेणबत्तीसाठी.”

तेच तर, रेदिएत म्हणाली. मेणबत्ती म्हटल्यावर वरच्या लोकांनी हा धार्मिक संस्थेला आलेला परदेशी निधी धरला. त्याला वेगळी परवानगी लागते. शिवाय एका गृहस्थांनी मेणबत्तीऐवजी ‘कॉफीसाठी’ लिहिलं होतं, त्यामुळे आणखी एका विभागानं विचारलं की बाई कॉफी निर्यात करतात का. त्याचा परवाना दाखवा.

अस्कलेच्या घरात कॉफी होती, उद्या सकाळपुरती.

मग रेदिएतनं सुचवलं म्हणून ती चर्चच्या कचेरीत चिठ्ठी मागायला गेली. कचेरीतल्या कारभाऱ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाले, चर्चसाठी आलेला निधी आहे अशी चिठ्ठी हवी तर देतो, पण मग निधी चर्चमध्ये जमा करा. अस्कले म्हणाली, निधी नाहीच मुळी, तशी चिठ्ठी हवी. ते म्हणाले, जे आमच्याकडे आलंच नाही ते आलं नाही असं आम्ही कुठल्या कागदावर लिहायचं? आणि तुमच्यासाठी लिहिलं तर उद्या सगळं गाव येईल, आमच्याकडून काही आलं नाही असं लिहून घ्यायला.

बोलणं खोटं नव्हतं. ती हात हलवत परत आली.

दुसऱ्या खेपेला रेदिएतनं तिला खुर्ची दिली आणि समोर बसवून समजावलं. समजावताना तिचाही गोंधळ उडत होता, कारण तिनं राजधानीत, अदिसच्या मुख्य कचेरीत दोनदा फोन केला होता आणि दोन वेगळी उत्तरं मिळाली होती. दोन्हीतलं समान तेवढं तिनं सांगितलं. परदेशातून माणसाच्या नावानं पैसे आले, तर एक तर ते भेट असतात, नाहीतर कामाचा मोबदला. भेट असेल तर विचारायचं काही उरत नाही, सगळे बिर करून घेऊन जा. पण त्यातला एक डॉलरही तुम्हाला बाहेर खर्चता येणार नाही. कामाचा मोबदला असेल तर ती सेवा देशाबाहेर विकली असं होतं, आणि मग त्यातला थोडा हिस्सा डॉलर म्हणूनच खात्यात राहतो. तो कामासाठी बाहेर भरता येतो.

“म्हणजे खोलीचं भाडं भरता येईल?”

“त्यातून भरता येईल, एत्ये. तुमचेच डॉलर.”

अस्कलेचा चेहरा उजळला. रेदिएतनं कळफलकावर बोटं ठेवली आणि विचारलं, “मग काय घालू? विकता ना तुम्ही शिकवणी?”

अस्कलेनं मांडीवरची गाबी नीट केली. रेदिएतनं विचारलं, “एका मुलाचा दर काय?”

“दर नाही.”

“साधारण?”

“बाई, दर नसतोच त्याला.”

“मग भेट घालते.”

“भेट कशी? मी शिकवते ना त्यांना. घसा बसेपर्यंत शिकवते.”

रेदिएतनं बोटं कळफलकावरून उचलून मांडीवर ठेवली. मागच्या रांगेतला माणूस खाकरला. अस्कले म्हणाली की मी विचार करून येते, आणि उठली. जाताना तिला वाटलं, इतके दिवस आपण काय करतोय हे आपल्याला ठाऊक आहे असं आपण धरून चाललो होतो.

घरी वोंदिफ्रावला त्यात विचार करण्यासारखं काही दिसेना. तो शिरोच्या आमटीत भाकरीसारखा इंजेरा बुडवत म्हणाला की दर सांगून टाक. मी जन्मभर ब्लँकेटं विणली, मीटरवर पगार घेतला, देवानं मला काही केलं का?

“ब्लँकेट ब्लँकेट असतं. अक्षर देवाचं असतं.”

“मेंढी कुणाची असते मग?”

तिनं त्याच्या ताटात आणखी शिरो वाढला. तो बोलत राहिला, आणि त्याचा आवाज असा की शेजारच्या अंगणापर्यंत डॉलर डॉलर ऐकू जायला लागलं. तिनं दार लावून घेतलं. मग त्यानं, त्याच्या मते कुजबुजत, दुसरी वाट सांगितली. बसथांब्याजवळ एक दुकानदार आहे, बॅटऱ्या विकतो. तो बिर घेऊन कुणाच्यातरी बाहेरच्या कार्डावरून पैसे भरून देतो. भाव जास्त लावतो, पण प्रश्न एकही विचारत नाही.

अस्कले म्हणाली की वडिलांची अक्षरं मी चोरवाटेनं पोचवणार नाही. तो म्हणाला बरं. थोड्या वेळानं म्हणाला, “विकायचं नाही, मागायचं नाही, चोरवाटेनं जायचं नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना. तुझे वडील शहाणे होते, पण त्यांनी कधी खोलीचं भाडं भरलं नाही. झाडाखाली बसायचे.”

ती रागावली नाही, कारण तिलाही नेमकं तेच वाटत होतं.

ईस्टरच्या आधीचे लांबलचक उपास चालू होते. शुक्रवारी दुपारची प्रार्थना झाल्यावर ती आबा गेब्रेमेधिन यांच्याकडे गेली. ते तिचे पापनिवेदनाचे पुरोहित, घरातल्या वडीलधाऱ्यासारखे. भिंतीच्या सावलीला दगडावर बसून त्यांनी सगळं ऐकलं. डॉलर कसे येतात, बिर कसे होतात, खोलीला भाडं का लागतं. खोली कुठे आहे हे त्यांनी दोनदा विचारलं, आणि ती कुठेच नाही हे ऐकल्यावर दाढीवरून हात फिरवला.

मग म्हणाले, “तुझ्या वडिलांना गावानं एक जमिनीचा तुकडा दिला होता.”

“हो.”

“तो पगार होता की भेट?”

“ठाऊक नाही, आबा.”

“मलाही चर्चमधून दर महिन्याला काही मिळतं. ते काय असतं हे मी कधी विचारलं नाही. तू आज विचारलंस, आता मलाही झोप यायची नाही.” त्यांनी तिच्या कपाळाला क्रूस टेकवला. “खोटं बोलू नकोस, एवढंच सांगतो. पण यात खोटं कुठलं आणि खरं कुठलं, ते त्या बँकेतल्या मुलीलाच विचार. तिनं नियम वाचला आहे.”

असा तो प्रश्न फिरून पुन्हा खिडकीपाशी आला.

अस्कलेनं मनाशी ठरवलं, दर सांगायचा. वर्ग बंद पडण्यापेक्षा ते बरं. अर्धवट राहिलेलं पोर पुन्हा अक्षरांकडे वळत नाही असं वडील म्हणायचे, आणि तिच्या चौदातल्या निम्म्यांची बाराखडी अजून मधेच होती. तिनं रेदिएतला सांगितलं, घाल मोबदला. रेदिएतला आनंद झाला, आणि तिनं पुढचं सगळं काढलं. व्यवसायाचा परवाना. कराचा नंबर. आणि चौदा घरांशी केलेला करार, ज्यात तासाचा दर लिहिलेला असेल आणि ज्यावर त्यांची सही असेल.

परवाना काढता आला असता. कराचंही जमलं असतं. करार तिनं शाळेतल्या एका मास्तरांकडून लिहून घेतला. दराची जागा तेवढी त्यांनी मोकळी सोडली, तुम्ही ठरवा म्हणाले. ती कागद समोर ठेवून बसली. आधी एक आकडा मनात आला, तो कमी वाटला. मग त्याच्याहून मोठा आला, त्याची लाज वाटली. लुलीतला ‘हा’ यायला एक दिवस लागला होता आणि ‘खो’ यायला दोन महिने. मग ‘खो’ महाग धरायचा का? सिएटलच्या नाओदची आई भरभरून पाठवायची, मिनियापोलिसच्या ब्लेनची आई दोन नोकऱ्या करून थोडंसं पाठवायची. दर एक लावला की एकीला सूट आणि दुसरीला दंड. आणि थोडं पाठवणारीच्या ब्लेनलाच सगळ्यात छान येत होतं.

तिनं पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन म्हणाली, “भेट घाल, बाई.”

“नक्की, एत्ये? मग खोलीचं?”

“घाल.”

अडकलेले पैसे त्याच आठवड्यात सुटले, बिर होऊन. त्यातून तिनं बार्ली भरली. आणि पुढच्या शनिवारी खोली फुकटाची झाली.

मुलांना तिनं काही सांगितलं नव्हतं. ‘मे’च्या ओळीत सगळी रंगात आली होती, तिची काडी पाटीवर पुढे सरकत होती, आणि एकदम अंधार. ती काडी तशीच धरून बसली. वोंदिफ्राव जागा झाला आणि म्हणाला, वीज गेली का?

पुन्हा जोडायला वेळ लागला. परत आलेली सात आठच होती. लुलीतनं विचारलं, येनेता, काय झालं. आणि अस्कले, जिला बँकेत, चर्चमध्ये, घरात नीट सांगता आलं नव्हतं, तिनं सात वर्षांच्या पोरीला सरळ सांगितलं की या खोलीला भाडं असतं आणि मला ते इथून भरता येत नाही. त्यामुळे आता असं मधेच तुटेल. तुटलं की घाबरायचं नाही, जिथे राहिलं तिथून पुढे म्हणायचं.

मुलांना ते फारसं कळलं नाही. नाओदनं विचारलं, “तुमच्या बाबांची शाळा पण तुटायची का?”

“नाही रे. ती झाडाखाली होती.”

“थंडी नाही वाजायची?”

“वाजायची की. मग शेकोटी करायचे.”

“लाकडं कोण आणायचं?”

“पोरंच आणायची,” अस्कले म्हणाली. “रोज एकाची पाळी. ज्याची पाळी त्यानं पहाटे लाकडं आणून भिंतीशी ठेवायची, आणि पाणी. आईबापांनी दिलेलं चालायचं नाही. पोरानं स्वतः गोळा केलेलंच.”

हे बोलताना ती जुन्या आठवणीत होती, दुसरं काही तिच्या मनात नव्हतं. देवाशपथ नव्हतं, असं तिनं नंतर नवऱ्याला दहादा सांगितलं.

“मग माझी पाळी कधी?” लुलीतनं विचारलं.

“कसली पाळी?”

“लाकडांची. आमच्याकडे झाडं आहेत पण आई तोडू देत नाही.”

“इथे लाकडं लागत नाहीत गं राणी. इथे खोली आहे.”

“मग खोली आणते,” लुलीत म्हणाली.

त्यावर नाओद म्हणाला की पहिली पाळी माझी. ब्लेन म्हणाली तुझी कशी, मी आधी शिकायला आले. भांडण जुंपलं, आणि ते अगदी चोख अम्हारिकमध्ये चाललं होतं हे अस्कलेच्या लक्षात येईपर्यंत चाळीस मिनिटं संपून पुन्हा अंधार झाला.

चार दिवसांनी सेबलेचा फोन आला. ती आधी खूप रागावली, मला का नाही सांगितलंत म्हणून. मग म्हणाली की खोली आता माझ्या नावावर घेतली आहे, आणि भाडं दर महिन्याला एकेक मूल भरणार आहे. लुलीतनं रोज रात्रीची भांडी घासून पहिला महिना भरला. मी फक्त कार्ड दाबलं.

अस्कलेनं विचारलं, “मी मागितलं असं झालं का गं हे?”

“तुम्ही कुठे मागितलंत?”

“मग हे विकणं झालं का?”

“एत्ये अस्कले, मला रात्रपाळी आहे,” सेबले म्हणाली.

वोंदिफ्रावच्या मते प्रश्न मिटला होता. अस्कलेच्या मते प्रश्न मिटला नव्हता, फक्त वर्ग चालू झाला होता. येनेताला पोरांनी लाकडं आणून देणं यात वडिलांना कधी काही वावगं वाटलं नव्हतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. ते मोबदल्यात बसतं की भेटीत, हे तिनं रेदिएतला विचारायचं टाळलं. उगाच आणखी एका विभागाचा फोन यायचा.

ब्लेननं बाळाला झोके देऊन एक महिना भरला. आणखी एकानं आजोबांचे बूट पुसून. वर्ग तुटला नाही. ‘खो’ सगळ्यांना आला.

मग पावसाळ्याच्या भरात एका सोमवारी रेडिओवर सांगितलं की सगळं बदललं. डॉलरचा भाव आता सरकार ठरवणार नाही, तो बाजारात ठरेल. सगळं गाव गोंधळलं. तेल सकाळी एका भावानं आणि दुपारी दुसऱ्या. बॅटऱ्यावाल्या दुकानदारानं तर दुकानच दोन दिवस उघडलं नाही. त्याला काय घ्यावं आणि काय द्यावं ते कळेना. अस्कलेकडे आलेल्या मेणबत्त्यांचे अचानक भरपूर बिर व्हायला लागले, आणि त्या भरपूर बिरांत पूर्वीइतकीच बार्ली येऊ लागली.

रेदिएतनं आपणहून फोन केला. एत्ये, आनंदाची बातमी, नवा नियम आला. आता बाहेरून आलेले पैसे माणसाला डॉलर म्हणूनच खात्यात ठेवता येतात. भेट असली तरी. आणि त्यातून बाहेरची अशी बिलं भरता येतात. तुमची ती खोली आता तुम्ही स्वतः भरू शकाल.

अस्कले गेली. खातं उघडलं. रेदिएतनं विचारलं नाही की ही भेट आहे की मोबदला, आणि अस्कलेला उगाच चुकल्यासारखं वाटलं. इतके महिने ज्या प्रश्नानं तिला झोप नव्हती तो आता कुणाला पडतच नव्हता. तिनं स्वतःच विचारलं, “ते तू काय लिहिलंस?”

“कुठलं?”

“भेट की काम?”

“आता दोन्हीला चालतं, एत्ये.”

“पण लिहिलंस काय?”

रेदिएतनं पडद्यावर पाहिलं. “बाहेरून आलेले पैसे. एवढंच.”

घरी आल्यावर वोंदिफ्राव खुशीत होता. म्हणाला, आता पोरांची लाकडं बंद कर आणि तुझं भाडं तू भर. दिमाखात. तिलाही तेच रास्त वाटत होतं. मुलं तिकडे राबतात आणि आपले डॉलर इथे खात्यात बसून राहतात, हे बरं नव्हे. शनिवारी वर्ग सुरू झाला की पहिलं हेच सांगायचं असं तिनं ठरवलं. वाक्यही मनात जुळवून ठेवलं.

शनिवारी खोली उघडली. ती बोलणार एवढ्यात नाओदनं दोन्ही तळहात पडद्याला इतके जवळ आणले की बाकी काही दिसेना. बोटांच्या मुळाशी फोड आले होते, एक फुटला होता. पाळीसाठी त्यानं एप्रिलपासून वाट पाहिली होती. त्यानं शेजारच्या म्हाताऱ्या बाईंच्या अंगणातलं गवत कापलं, पुढचंही आणि मागचंही. ढकलायचं यंत्र त्याच्याएवढंच उंच होतं.

“येनेता,” तो म्हणाला, “मी आणलं. अख्ख्या महिन्याचं.”

स्वयंपाकघराच्या दारातून वोंदिफ्राव हातानं खुणा करत होता, सांग, सांग. अस्कलेनं त्या तळहातांकडे पाहिलं. जुळवून ठेवलेलं वाक्य कुठे गेलं ते तिला कळेना. खात्यातल्या डॉलरांचं आता काय करायचं, तेही कळेना.

“शाबास,” ती म्हणाली. “ठेव तिकडे, भिंतीशी. आणि हाताला लोणी लावून घे.”

मग तिनं काडी उचलली आणि पाटीवरच्या पहिल्या अक्षरावर ठेवली.